नावाला वास, मुळाला गाठी

दीपमाला होवाळला पीएचडीचा विषय मिळाला तो इतरांनी नाक मुरडलं म्हणून.

ही १९९३ सालची गोष्ट. कराडजवळच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवत होती. नोकरी कायम व्हायची तर नावामागं डॉक्टर लागलेलं बरं, असं सगळेच सांगत. तिचे मार्गदर्शक लालासाहेब सर. त्यांच्याकडं आलेल्या पोरांनी चांगले चांगले विषय आधीच उचलले होते. एकानं द्राक्षावरची भुरी घेतली, एकानं ऊस घेतला. उसावर काम केलं की कारखान्याच्या गेस्ट हाऊसला राहायला मिळतं, हा त्यामागचा शास्त्रीय विचार. दीपमाला गेली तेव्हा सरांच्या ताटात एकच विषय उरला होता.

"होवाळ, कडधान्याच्या मुळावरच्या गाठी, आणि त्यातली पॉलिअमाईन्स. सोयाबीन घे. जगभर काम चाललंय, आपल्याकडं कुणी हात लावत नाही."

"का लावत नाही, सर?"

सर चष्मा पुसायला लागले. अवघड काही सांगायचं आलं की सरांचा चष्मा आपोआप मळायचा. "नावं जरा... तू वाचशीलच."

तिनं लायब्ररीत बसून वाचलं. या कुळातल्या एका पदार्थाचं नाव पुट्रेसीन, म्हणजे सडकं. दुसऱ्याचं कॅडॅव्हरीन, म्हणजे सरळ मढ्यावरून ठेवलेलं. कुणा जर्मन डॉक्टरला शंभरेक वर्षांपूर्वी ते कुजलेल्या मांसात सापडले, त्यानं आपलं जे नाकाला कळलं ते नाव ठेवून दिलं. उरलेली भावंडं स्पर्मिडीन आणि स्पर्मीन. ती पहिल्यांदा कशात सापडली हे नावातच आहे, आणि ते वाचून दीपमाला एकटीच एवढ्यानं हसली की ग्रंथपाल लीलाबाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

"काय झालं गं?"

"काही नाही बाई. विषय आवडला."

विषय खरंच आवडण्यासारखा होता. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या मुळांत मातीतले जिवाणू शिरतात. मूळ त्यांना हाकलून देत नाही, उलट त्यांच्यासाठी खोली बांधतं. ती खोली म्हणजे गाठ. जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. गाठ नखानं फोडली तर आतून मटणासारखी लाल निघते. आता ही खोली बांधायची म्हणजे मुळाच्या पेशी भराभर वाढल्या पाहिजेत, आणि जिथं पेशी भराभर वाढतात तिथं हे बदनाम पदार्थ लागतात. साध्या मुळापेक्षा गाठीत ते कितीतरी जास्त असतात. किती, गाठीच्या कुठल्या वयात, आणि आपण बाहेरून दिले तर काय होतं, हे दीपमालाला शोधायचं होतं.

मग घरी सांगायची पाळी आली. आई हरणाबाई आणि एसटीच्या वर्कशॉपमधले वडील नागसेन यांच्याबरोबर ती मलकापुरात राहायची. त्यांना सांगणं सोपं होतं, ते पगारवाढ होणार का एवढंच विचारणार. खरी परीक्षा कडेगावला. तिथं तिचे आबा राहायचे. आबा म्हणजे तिचे आजोबा यल्लाप्पा. सत्तरीला आलेले, दात शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

आबा अंगणात शेंगा फोडत बसले होते.

"काय शिकायचं म्हनालीस?"

"आबा, सोयाबीनच्या मुळ्यास्नी गाठी असत्यात न्हवं? त्यात एक पदार्थ असतोय. त्याचं नाव इंग्रजीत मढ्यावरनं पडलंय."

"कुनाच्या मढ्यावरनं?"

"कुनाच्या न्हाई. कुजक्या मासात पयल्यांदा घावला म्हनून."

आबांचा शेंगेवरचा अंगठा थांबला. गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडं होतं. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, पाठोपाठ वस्तीनंही घेतली, आणि तिशीतल्या यल्लाप्पानं ओढायची दोरी सगळ्यांदेखत विहिरीत टाकली. गावानं त्यांचं पीठ दळून द्यायचं बंद केलं, मजुरीला बोलवायचं बंद केलं. दोरी काढायला काही कुणी विहिरीत उतरलं नाही.

"म्या सोडला त्यो वास," आबा म्हणाले, "आन तू पगार घिऊन हुंगतीयास?"

"आबा, ते नुसतं मढ्यात न्हाई. जित्यात बी असतंय. तुमच्यात हाय, माझ्यात हाय, ह्या शेंगत हाय. जितं काय वाडत असतंय तितं जास्त. पर नाव ठेवणाऱ्याला आधी कुजक्यात घावलं."

"सगळ्यांत हाय?"

"व्हय."

"आन नाव तेवडं मढ्याचं?"

"व्हय की."

आबांनी शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला. "मंग त्याला बी दीक्षा द्या. नाव बदला. तुझ्या बापाचं न्हाई बदललं? राती म्हसू निजला, सकाळी नागसेन उठला. मास्तर लय दिस म्हसूच म्हनायचा, आन ह्यो गडी वं द्याचाच न्हाई. मास्तरनं गैरहजेरी लावली, पर शेवटी दमला आन नागसेन म्हनला."

झालं. परवानगी मिळाली. आबांची परवानगी अशीच, तुमच्याच बापाची थट्टा करून मिळायची.

कॉलेजच्या गच्चीवर तिनं कुंड्या मांडल्या. पण सर म्हणाले, कुंडीतलं कुंडीत, शेतात काय होतं तेही बघायला हवं. होवाळांचं शेत म्हणजे माळावरचा एक तुकडा, त्यात दगडच जोमात यायचे. मग आबा तिला घेऊन कृष्णात सुभेदारांकडं गेले.

कृष्णात फौजेतून नुकते रिटायर झालेले. विहीर, ऊस, आणि विहिरीजवळ सोयाबीनचा एक छोटा तुकडा. सोयाबीन तेव्हा त्या भागात नवं होतं, आणि फौजी माणसाला नव्याचं वावडं नसतं. वाटेत आबा म्हणाले, "ह्यांच्या बापाच्या बैलाची आन माझी वळख जुनी हाय." दीपमालाला वाटलं, असेल काही. तिथं पोचल्यावर कळलं.

"मॅडम, केमिकल कसलं म्हनाला?" सुभेदारांनी विचारलं. दीपमालानं नाव सांगितलं, नावाचा अर्थ सांगितला. सुभेदारांनी आबांकडं बघितलं. आबांनी सुभेदारांकडं.

"आमचा बैल मेला हुता तसला वास व्हय?" सुभेदार म्हणाले.

"तसलाच," आबा म्हणाले. "तांबडा हुता."

"पांढरा, आबा. खिलार."

"तांबडा. म्या न्हाई म्हनाय आलो हुतो तवा बघितला न्हवं."

"बैल आमचा, आन रंग तुमी सांगताय?"

दीपमाला मधेच अडकली. हळूहळू तिला सगळं समजलं. दोरी विहिरीत गेल्यावर गावात मेलेलं पहिलं जनावर कृष्णातच्या बापाचं. निरोप आला, यल्लाप्पा स्वतः जाऊन नाही म्हणून आले. बैल गोठ्यामागं पडून राहिला. घरच्यांना वाटलं, होवाळ नमतील. होवाळांना वाटलं, बघू. बैल मात्र कुणासाठी थांबला नाही, तो आपला कुजत राहिला.

"शेवटाला आमच्या चुलत्यांनीच वडला," सुभेदार म्हणाले. "मी बारका, मला बी दोरीला लावलं. दोन वाफं गेलो आन भडाभडा वकलो. घरी आलो तर आई आत घीना. भायेरच उबं केलं, वरनं पानी वतलं. आन तवा मला कळलं..."

ते थांबले. आबा त्यांच्याकडं बघत राहिले. दीपमालाही.

"...की आपन फौजेत गेल्यालं बरं," सुभेदारांनी वाक्य पुरं केलं.

"आमास्नी कळून लय दिस झालं हुतं," आबा म्हणाले. "पर आमास्नी तवा फौज कुटं घेत हुती."

मग सुभेदारांच्या बायकोनं, मनुबाईंनी, चहा आणला. सगळ्यांना एकसारख्या कपांतून. आबांनी कप उचलला, उलटासुलटा करून बघितला.

"मिल्ट्री कँटीनचा हाय, आबा," मनुबाई म्हणाल्या. "फुटला तर फुटू द्या, पर च्या गार करू नगा."

शेत मिळालं.

पेरणीला सुभेदारांनी अख्खी छावणी उभी केली. दीपमालानं गुळाच्या पाण्यात जिवाणूंचं पाकीट कालवून बियाण्याला चोळलं, तर ते म्हणाले, "जंतू पेरायचं? फौजेत आमी जंतू मारायला इंजेक्शन घ्यायचो." पण हुकूम तो हुकूम. त्यांनी सुतळी ताणून वाफे पाडले, आणि 'ए कंपनी', 'बी कंपनी' अशा पाट्या रोवल्या. जिवाणू चोळलेली ए, न चोळलेली बी, पुट्रेसीनचं थोडं पाणी मिळालेली सी, आणि जास्त मिळालेली डी. दीपमालानं तशाच पाट्या पुढं प्रबंधातही ठेवल्या असत्या, सरांनी नको म्हटलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. थोडं पुट्रेसीन मिळालेल्या मुळांवर गाठी भरघोस आल्या. जास्त मिळालेल्यांवर कमी, जणू मुळानं दार लावून घेतलं. दीपमाला खूश झाली. ती मुळं बर्फात घालून कराडला न्यायची. बर्फ कडेगावच्या कुल्फीवाल्याकडचा, त्यामुळं तिच्या नमुन्यांच्या थर्मासला वर्षभर वेलदोड्याचा वास येत राहिला. मढ्याच्या नावाचं रसायन, वास वेलदोड्याचा. हरणाबाईंना हे एकदा समजल्यावर त्यांनी तो थर्मास घरात आणू दिला नाही. वास आवडला नाही म्हणून नाही, पाहुणे त्यात चहा मागतील म्हणून.

त्याच सुमारास स्थळंही यायची. सांगलीचा एक बँकेतला मुलगा, प्रथमेश, आईवडिलांबरोबर बघायला आला. त्याच्या आईनं विचारलं, पीएचडी कशात? दीपमाला म्हणाली, गाठींत. बाई दचकल्या, "कॅन्सर?" दीपमालानं मग नीट समजावून सांगितलं, अगदी स्पर्मीनच्या नावामागच्या कथेसकट, कारण मुलगा विज्ञान शाखेचा होता असं तिला सांगितलं होतं. तो वाणिज्य शाखेचा निघाला. पोहे संपायच्या आत मंडळी उठली.

"तुझ्या त्या गाठींपायी लगीनगाठ ऱ्हायली गं," हरणाबाई म्हणाल्या. दीपमाला उरलेले पोहे खात होती. तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं, आणि याचंच आईला जास्त वाईट वाटलं.

आता कॉलेजातलं. गाठी वाटून काढलेल्या रसात एक रसायन मिसळलं, थेंब काचेच्या पट्टीच्या तळाशी लावले, पट्टी द्रावणात उभी केली, की हे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढून बसतात. साध्या उजेडात काही दिसत नाही. जांभळ्या-निळ्या अतिनील दिव्याखाली धरलं की पिवळे-हिरवे ठिपके काजव्यांसारखे पेटतात. असा दिवा कॉलेजात एकच, रसायनशास्त्र विभागाचा. विभागप्रमुख दादासो सर. गालात कायम तंबाखूचा बार. दिवा मागायला गेलं की आधी दहा मिनिटं उपदेश ऐकावा लागे.

एकदा स्टाफरूम भरलेली असताना दादासो म्हणाले, "होवाळबाई, मढ्याचं रसायन. विषय अगदी योग्य घरी गेला म्हणायचा."

दोघंचौघं हसले. मग हसणाऱ्यांच्याही लक्षात आलं. लालासाहेब सर चष्मा पुसायला लागले. दीपमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आबा असते तर काय म्हणाले असते, असं मनात आलं, पण आबांचे शब्द स्टाफरूममध्ये चालण्यासारखे नसायचे.

"सर, ते तुमच्याही घरी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थुंकीत असतं. सगळ्यांच्या. बघायचंय?"

दादासो हसले, म्हणाले, बघू की. आता मागं कसं सरणार? दीपमालानं काचेच्या नळ्या आणल्या. लीलाबाईंनी आधी थुंकून दिलं. त्यांना कुणीतरी शांतता भंग करायला परवानगी दिली याचाच आनंद झाला होता. मग खेळाचे शिक्षक वीरधवल, मग लालासाहेब सर, दीपमाला स्वतः, आणि शेवटी दादासो.

दुसऱ्या दिवशी अख्खी स्टाफरूम रसायनशास्त्राच्या अंधाऱ्या खोलीत कोंबली गेली. दिवा लागला. पट्टीवर सगळ्यांचे ठिपके ओळीनं उजळले. सगळ्यांचे त्याच त्याच उंचीवर, कुणाचा एक बोटभर वर नाही की खाली नाही. मराठा, जैन, ब्राह्मण, बौद्ध, सगळे एका रेषेत. फरक एकच. एका माणसाचे ते दोन सडके ठिपके, पुट्रेसीन आणि कॅडॅव्हरीनचे, असे काही पेटले होते की शेजारचे ठिपके फिके पडावेत.

"हे कुणाचं?" वीरधवलनं विचारलं.

"दादासो सरांचं," दीपमाला म्हणाली.

"नमुन्यांची अदलाबदल झालीय," अंधारातून दादासो म्हणाले.

परत नमुना घेतला. परत पेटला, आधीपेक्षा जोरात. मग दीपमालानंच शांतपणे सांगितलं, की हिरड्या पिकल्या, दाढ किडली की तोंडातले जिवाणू हे पदार्थ जास्त बनवतात. यात माणसाच्या घराण्याचा संबंध नाही, दाढेचा आहे. वीरधवल हसू दाबायला खोलीबाहेर गेला आणि बाहेर जाऊन दाबायचं विसरला.

दादासोंनी आठवडाभर रजा घेतली. परत आले ते दोन दाढा कमी करून आणि तंबाखू सोडून. दीपमालाशी पुढं बरेच महिने बोलले नाहीत, पण दिवा मात्र शिपायाकरवी न मागता पाठवू लागले. दीपमालाला सगळ्यात मोठी बोलणी बसली ती लालासाहेब सरांची. "ते रसायन मुंबईहून यायला किती महिने लागतात ठाऊक आहे ना? ते सोयाबीनसाठी होतं, दादासोंच्या दाढेसाठी नव्हे!" ओरडून झाल्यावर सर दारापर्यंत गेले, परत वळले. "माझे ठिपके... ठीक होते ना?"

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात घात झाला. पेरणी करून दीपमाला परत आली आणि कॉलेजच्या परीक्षांत अडकली. पेपर तपासणं, सुपरव्हिजन, प्राचार्यांच्या मुलीचं लग्न. विट्याची एसटी धरून कडेगावला पोचली तेव्हा सोयाबीन फुलावर आलं होतं. सुभेदार बांधावर छाती काढून उभे.

"मॅडम, इन्स्पेक्शन करा. फर्स्ट क्लास!"

पीक खरंच बघण्यासारखं होतं. काळंभोर हिरवं, मांडीला लागेल एवढं. तेच तिला खटकलं. न चोळलेली बी कंपनी पिवळी पडायला हवी होती. तीही हिरवीगार होती. तिनं खाली बसून एक झाड उपटलं. मूळ पांढरं, गुळगुळीत. एक गाठ नाही. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सी कंपनीचं, डी कंपनीचं. सगळी मुळं धुऊन काढल्यासारखी.

"काका, काय घातलं ह्यात?"

"युरिया," सुभेदार म्हणाले. त्यांचा चेहरा अजून उजळलेलाच होता. "बी कंपनीची पोरं उपाशी दिसाय लागली. पिवळी पडली बगा. मला बघवंना. मंग म्हनलं, एकाला दिलं तर दुसऱ्यानं काय घोडं मारलंय, सगळ्यांस्नी सारखं घातलं. भेदभाव नको."

दीपमाला चिखलात बसली. रडायला येत होतं, आणि 'भेदभाव नको' ऐकून हसायलाही येत होतं. दोन्ही एकदम आल्यामुळं तिला उचकी लागली. मनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

"काका, युरिया म्हंजी आयता नत्र. झाडाला आयतं ताट मिळालं तर ते जंतूंसाठी खोली कशापायी बांधील? गाठी आल्याच न्हाईत. माझं वरीस गेलं."

सुभेदारांचा चेहरा असा उतरला की तिला त्यांचीच दया आली. "माझं कोर्ट मार्शल करा," ते म्हणाले. मग काही वेळानं, दबक्या आवाजात, "बाजारातनं गाठी इकत मिळत्यात का, मॅडम? आनून चिकटवू."

आबा संध्याकाळी आले, सगळं ऐकून घेतलं, आणि सुभेदारांना म्हणाले, "सुभेदार, बापानं बैल कुजीवला, तुमी पोरीची पीएचडी कुजीवली. घराणं लय नेटाचं." सुभेदार खाली मान घालून ऐकत राहिले. आबांनी मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पर पीक झ्याक आलंय हां. खोटं का बोला."

दीपमालानं तरीही मुळं बर्फात घातली. नेमकं कशासाठी, तिलाही सांगता आलं नसतं. हात रिकामे घेऊन एसटीत बसवेना, एवढंच. सरांनी वर्ष वाया गेल्याचं जाहीर केलं, चष्मा पुसला, आणि ती गेल्यावर परत पुसला.

बऱ्याच दिवसांनी, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, तिनं ती बिनगाठीची मुळं वाटली आणि पट्टी दिव्याखाली धरली. ठिपके फिके. अगदी फिके. झाड धष्टपुष्ट, मूळ जाडजूड, आणि तरी पॉलिअमाईन्स नावापुरती. आदल्या वर्षी एक प्रश्न तिला छळत होता. गाठीवाल्या झाडात हे पदार्थ जास्त दिसतात ते गाठीमुळं, की झाड मुळातच तरतरीत असतं म्हणून? तिच्याकडं उत्तर नव्हतं. आता समोर तरतरीत, धट्टीकट्टी, पण बिनगाठीची झाडं होती आणि ठिपके मेलेले होते. म्हणजे भर गाठीच्या बांधकामाचीच. ती सरांकडं पळत गेली. सरांनी पट्टी बघितली, दिवा बंद केला, परत लावून बघितलं.

"अर्धं प्रकरण होईल याचं," सर म्हणाले. "पूर्ण नाही. पुढच्या वर्षी नीट पेर, आणि त्या फौजीला सांगून ठेव."

तिसऱ्या वर्षी नीट पेरलं. सुभेदार युरियाचं पोतं घरात कुलपात ठेवून किल्ली मनुबाईंकडं देऊन बसले. मग लिहिणं, टाईप करून घेणं, चुका, परत टाईप. १९९७ साली तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक धारवाडहून आले होते, मराठी समजायचं, बोलताना कानडीचा हेल यायचा. परीक्षा सगळ्यांसाठी खुली, म्हणून मागच्या रांगेत आबा, नागसेन, हरणाबाई आणि पदकं लावून सुभेदार. सरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की स्पर्मीन म्हणू नकोस, एसपीएम म्हण, समोर संस्थेचे लोक आहेत. दीपमालानं सगळीकडं स्पर्मीनच म्हटलं, स्वच्छ, खणखणीत. संस्थेच्या लोकांना काही कळलं नाही, त्यांनी माना डोलावल्या.

परीक्षकांनी नेमकं ते अर्धं प्रकरणच धरलं.

"हे फार चांगलं केलंत. युरिया देऊन गाठी थांबवायच्या आणि मुळं तपासायची. कल्पना कुणाची?"

सरांचा हात चष्म्याकडं गेला.

"सुभेदार कृष्णात यांची, सर."

"कुठल्या संस्थेत असतात ते?"

"सिग्नल रेजिमेंटमध्ये होते."

परीक्षकांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग तिनं सगळं खरं ते सांगितलं. पिवळी बी कंपनी, सगळ्यांना सारखं, सगळं. परीक्षक इतके हसले की पाणी मागवावं लागलं. "अजून कुणाला प्रश्न?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. मागच्या रांगेत सुभेदार सावधान उभे राहिले.

"मला हाय. सोयाबीनला युरिया टाकायचा का न्हाई?"

"गाठी चांगल्या असतील तर नको, काका."

"मंग हे आदी का न्हाई सांगितलं?"

तीन वर्षं दीपमालानं त्यांना पाट्या रोवायला लावल्या, पाणी घालायला लावलं, गाठींबद्दल ढीगभर बोलली. पण हे साधं वाक्य एकदाही सांगितलं नव्हतं. कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

"चुकलं, काका," ती म्हणाली.

"नोटेड," सुभेदार म्हणाले आणि बसले.

डॉक्टर झाल्यावर नोकरी कायम झाली, पण कराडला नाही. कोयनानगरला. धरणाच्या वसाहतीतलं छोटं कॉलेज, घाटातल्या वळणांनी एसटीत निम्मे लोक खिडकीबाहेर तोंड काढून बसलेले. आबा यायला तयार होईनात. "जमीनच हालती तितं कशाला राहू? ह्या वयात माझा मीच हालतोय." दीपमाला एकटीच गेली. प्रयोगशाळेत एक मोरी, एक कपाट, आणि खिडकीबाहेर डोंगरउतारावर रानटी शेंगवर्गी वेलींचं जंगल. कुठल्या वेलीच्या मुळाशी काय आहे, ते कुणी बघितलं नव्हतं. तिनं पहिल्याच रविवारी खुरपं विकत घेतलं.

पहिल्या आठवड्यात ती फळ्यावर मुळाची आकृती काढत होती आणि पायाखालून काहीतरी घरघरत गेलं. कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. दीपमालानं खडू टाकला, दोन्ही हातांनी कपाट धरलं आणि ओरडली, "बाहेर पळा सगळे!"

कुणी हललं नाही. पहिल्या बाकावरच्या सृष्टीनं आकृतीला छायांकन करता करता, मान वर न करता सांगितलं, "मॅडम, बसा. ह्यो बारका हाय. मोठा आला की आमी सांगतो."

घरघर थांबली. दीपमालानं कपाट सोडलं, जमिनीवरचा खडू उचलला, तो मधोमध तुटला होता. त्यातला मोठा तुकडा घेऊन तिनं मूळ पुरं केलं.